मुशीच्या उवा

माझं माहेर पिंपळगाव बसवंतकडचं, तिथं द्राक्षं खोक्यात भरायचं काम, मासा म्हणजे नदीतला तेवढाच ठाऊक, आणि लग्न होऊन आले ती इथं शहरात, द्वारका चौकाजवळच्या बाजारात सासूच्या ओट्यावर बसले. समुद्र अजून पाह्यला नाय आणि पंचवीस वर्षं समुद्राचा मासा विकते, काय सांगू ताई तुम्हाला. मुंबईहून बर्फातली खोकी येतात, त्यात मुशी असते, लहान शार्क म्हणा, तिला आमच्याकडं गिऱ्हाईक लय.

तर त्या मुशीच्या परांवर, कल्ल्यांपाशी किडे चिकटलेले असतात. मसुराएवढे, चपटे, तपकिरी, मागं दोन दोरे लोंबतात, ते दोरे म्हणजे अंडी. मुशी जिवंत असते तेव्हापासूनचे. आम्ही उवा म्हणतो. सासू पहिल्याच दिवशी म्हणाली, गिऱ्हाईक यायच्या आधी गोणपाटाखाली धरून खरवडायच्या, कुणाला दिसता कामा नये. तिच्या सासूनं तिला तेच सांगितलेलं. मी तेच करत आले, का ते विचारलं नाय.

गेल्या वर्षी एक बाई लवकर आल्या, ओझरला कारखान्यात नोकरी त्यांची, दर रविवारच्या गिऱ्हाईक. गोणपाटाखाली माझा हात पाह्यला. काय लपवताय मावशी, म्हणाल्या, आणि गोणपाट उचललं. त्यांनी फोनवर व्हिडिओ काढला, किडकी मुशी म्हणून सगळीकडं फिरला.

बाजाराच्या कमिटीनं बोलावलं. कमिटीत सगळे बाप्येच, आणि त्यांच्या ओट्यांवर मुशी नसते का, असते, ते बी खरवडतात. मला म्हणाले, माल सडका होता असं लिहून दे, नायतर ओटा सोड. मी मुशी नेली होती, उवांसकट. त्यांच्याच टेबलावर गरम पाण्यात बुडवली, कातडं ओढून काढलं, पर कापले, उवा गेल्या कातड्याबरोबर. खाली पांढरं मांस. हुंगा म्हटलं. अध्यक्ष हुंगेनात, टेबल पुसायला फडकं शोधत बसले. मग मी म्हटलं,

“माल सडका नव्हता. लपवलं ते चुकलं. लिहायचं तर तेवढंच लिहीन.”

तेवढंच लिहून दिलं. ओटा राह्यला, पण मला पार शेवटी टाकलं, गटाराशेजारी, तिथं पंखा बी नाय. त्या बाई परत आल्या नाहीत. मी त्यांना नावं ठेवत नाय, त्यांनी पाह्यलं ते खरंच होतं.

आता सून असते सोबत. मुशी पर वर करून मांडते मी. काही जण बघून पुढं जातात, काही विचारतात, त्यांना सांगते. पहिल्या दिवशी सून म्हणाली, आई, खरवडू का पटकन, कोणी नाय अजून. मी म्हटलं, राहू दे. गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर काढ.