गच्चीवरचं ऊन करारात गेलं

नाही, पण मी म्हणतो, माणसाची सावली पडते हा काय गुन्हा झाला? पडतेच की! न्यायाधीशाची पडते, माझी पडते, मग आमच्या हिचीच तेवढी पडू नये? का? तर ऊन करारात गेलंय हो!

तुम्हाला सांगतो, आमच्या सोसायटीनं गच्ची भाड्यानं दिली एका सोलर कंपनीला. पॅनल त्यांचे, गच्ची आमची, आणि वीज विकत घेणार पलीकडचा कारखाना. स्वच्छ ऊर्जा! सगळं कसं स्वच्छ... भांडण सोडून. कारखाना कोर्टात गेला, "कबूल केली तेवढी वीज मिळत नाही." कंपनी म्हणाली, "आमचा दोष नाही, पॅनलवर सावली पडते." कोणाची? तर कोपऱ्यात खुर्ची टाकून बसणाऱ्या एका ज्येष्ठ महिलेची! म्हणजे आमच्या हिची! अहो, आजारानं काडी झालीय तिची, आणि तिच्या सावलीत म्हणे अख्खा कारखाना अंधारात गेला!

आता ही गच्चीवर का जाते? त्या आजारातून उठली तेव्हा बोलणंच टाकलं होतं तिनं. काही विचारा, नुसती मान हलवायची. कचेरीत मी न बोलणारी माणसं खूप पाहिली, पण ती पगार घेऊन गप्प बसायची... घरात कसं सोसावं? डॉक्टर म्हणाले, सकाळचं ऊन द्या. आमचं घर तळमजल्यावर. तिथं ऊन येतं ते पत्ता विचारायला आल्यासारखं, दारातूनच परत! म्हणून गच्ची. थोड्याच दिवसांत खुर्चीतून आवाज आला, "चहात साखर घालायला विसरलात की काय?" तुम्हाला सांगतो, तक्रार ऐकून उभ्या जन्मात असा गहिवरलो नव्हतो!

आणि नेमकी तेव्हाच कंपनीची नोटीस. गच्ची रिकामी करा! अध्यक्ष आले, आवाज मधात बुडवून, "काका, काकूंना म्हणावं बाल्कनीत बसा." म्हटलं, "तळमजल्याला बाल्कनी कुठून आणू?" "वाद नको हो... पॅनलवर सावली पडू द्यायची नाही, करारात आहे." आहे ना! ऊन करारात गेलंय! हिनं ऐकलं, आणि पुन्हा सुरू... नुसती मान.

मग मात्र मी पेटलो. कोर्टाचा माणूस गच्चीची पाहणी करायला येणार होता. हिला म्हटलं, "चल, सावली मोजायला येतायत, त्यांना सावली नको दाखवायला?" बसवली खुर्चीत आणि चहा आणायला खाली आलो. तेवढ्यात वर पंचनामा! पॅनल लिहिले, वायरी लिहिल्या, टाकी लिहिली. कंपनीचा वकील जोरात, "हेही लिहा साहेब! पुरावा आहे! खुर्ची लिहा, खुर्चीत बसलेली बाई लिहा!" लिहिलं. कोर्टानं तो पंचनामा पाहिला आणि हुकूम दिला, निकाल लागेपर्यंत गच्ची 'जैसे थे'. पंचनाम्यातलं काहीही कुणी हलवायचं नाही! वकील उठला, "पण साहेब, ती बाई..." न्यायाधीश म्हणाले, "तुम्हीच लिहायला लावलीत ना? मग राहू द्या!"

ऊन करारात गेलं होतं, ही पंचनाम्यात गेली!

आता कंपनीचाच माणूस रोज सकाळी येऊन विचारतो, "काकू बसल्या का?" मी मात्र चहाला गेलेलो, म्हणजे पंचनाम्यात नाही. गच्चीच्या दारात वॉचमननं हात आडवा केला, "काका, तुम्ही हुकमात नाही बसत." म्हणून मी दाराच्या अलीकडे, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसतो. ही उन्हातून बोलते, "पायरी गार असेल, खाली काहीतरी घ्या... आणि काल भाजीत मीठ जास्त होतं..." एकदा सुरू झाली की थांबतेय कुठे?

परवा सोसायटीच्या वकिलाचा फोन आला. बिचारा फार हळहळला. "काका, वाईट बातमी आहे. पुढची तारीख लांब पडली. हे प्रकरण काही लवकर संपत नाही."

"अरेरे!" म्हटलं मी... तेवढं एक दुःख आवाजात आणताना फार त्रास झाला हो!