सात दिवसांची मोजणी

ताई : किती येरझारा घालशील, बाळ्या? बस की. फरशी झिजेल माझी.

बाळ्या : टोल रस्त्यात पैसे गुंतवायच्या त्या फॉर्मवर सही केलीस का, ते सांग आधी.

ताई : चार वाजता एजंट येतोय. दुकान विकून आलेलं सगळं त्यात घालतेय. म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला नको.

बाळ्या : नको घालूस.

ताई : आता हे काय नवीन? त्या रस्त्यावर गाड्या मोजल्या कोणी? तूच ना? अहवालात लिहिलंय, रोजच्या अकरा हजार.

बाळ्या : होत्याच अकरा हजार. सात दिवस छत्रीखाली बसून एकेक रेघ ओढलीय मी. एकही खोटी नाही.

ताई : मग दुखतंय कुठे तुझं?

बाळ्या : त्या आठवड्यात नदीवरचा पूल दुरुस्तीला बंद होता गं. तिकडचे सगळे ट्रक माझ्यासमोरून गेले. एरवी तिथं कुत्रं फिरकत नाही.

ताई : आणि हे आत्ता सांगतोस?

बाळ्या : मलाच शेवटच्या दिवशी कळलं, एका ड्रायव्हरकडून. साहेबांना म्हटलं, पुन्हा मोजू. ते म्हणाले, तुला मोजायला ठेवलंय, डोकं चालवायला नाही. वर नोकरी कायम करतो म्हणाले. मी सही ठोकली.

ताई : शाबास रे पठ्ठ्या!

बाळ्या : बोल, काय बोलायचं ते बोल. सकाळी तुझा फोन आला आणि ती सही आठवली.

ताई : एजंटाच्या गोड बोलण्याला भुलणारी मी नव्हे. शेवटच्या पानावर तुझी सही दिसली. म्हटलं, आपला बाळ्या आहे, खोटं लिहायचा नाही.

बाळ्या : म्हणून तर धावत आलो. तू सुटलीस ना? संपलं मग.

ताई : संपलं कसं? वरच्या मजल्यावरचे मास्तरही पैसे घालायला येतायत, समोरची नर्सबाई येतेय. त्यांना तुझी सही मीच दाखवलीय. मिरवत मिरवत.

बाळ्या : त्यांना सांगितलं तर नोकरी जाईल माझी.

ताई : जाईल.

(दारावर थाप पडते.)

बाळ्या : आले वाटतं. ताई, तू सांग ना. तुझं ऐकतात ते.

ताई : गाड्या तू मोजल्यास.

बाळ्या : कुठून सुरुवात करू?

ताई : पुलापासून. जा, दार उघड. मी आहे तुझ्या मागे.