रिकाम्या डिस्कचं वजन

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या रांगेत शिंपीणबाईंचा नंबर पहिला होता. मागे एक नवरा आपल्या बायकोला विचारत होता.

"डिस्कच्या रिकाम्या भागाचा बॅकअप चाळीस जीबी कसा? मीच चुकून सगळं पुसलं होतं ना?"

"तुम्ही नुसती नावं पुसलीत. फायली जागच्या जागी आहेत. हा बॅकअप नावं बघत नाही, आत पडलंय ते सगळं उचलतो."

"म्हणजे आईचे व्हिडिओसुद्धा?"

"नंतर तिथे नवीन काही ठेवलंत?"

"छे. त्या दिवसापासून हातच लावला नाही."

"मग आहेत. मान वर करा बघू."

"तिचा आवाज विसरत चाललो होतो गं."

"आता दुकानात काढून देतील, मग ऐका. ओरडत असतील तुम्हालाच, गॅस बंद केला नाही म्हणून."

शिंपीणबाई बाजूला सरकल्या.

"तुम्ही व्हा पुढे. माझा नुसता चार्जर आहे."