कानाला लागलेला पंप

कारागिरांना प्रमाणपत्राचा कागद देणाऱ्या परीक्षेसाठी नंबर लावून बसलेल्या शिंपीणबाईंनी हातातला फॉर्म मिटला. शेजारच्या बाकावर आत्ताच परीक्षा देऊन आलेले पंप-मिस्त्री आणि त्यांची लेक बोलत होती.

"बाबा, काय विचारलं?"

"पंप चालू केला आणि म्हणाले, बिघाड शोधा. मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवलं, मूठ कानाला लावली."

"अहो, मीटर दिला होता ना त्यांनी?"

"मीटर टेबलावर होता. कान जवळ होता."

"मग?"

"म्हटलं, बेअरिंग गेलंय. साहेब हसले. म्हणाले, बेअरिंग ठणठणीत आहे, आम्ही मुद्दाम कपॅसिटर खराब बसवलाय."

"झालं! आता कसला कागद आणि कसली फोरमनची जागा! सव्वीस वर्षं पाण्यात."

"पंपवाल्याची वर्षं पाण्यातच जायची, बाळ."

"विनोद पुरे."

"कपॅसिटर बदलून दिला मी. पण घरघर तशीच. म्हटलं, साहेब, एकदा उघडून तर बघा."

"परीक्षकाशी वाद घातलात?"

"वाद कसला? पंप बोलला ते सांगितलं."

"आणि साहेब काय करताहेत?"

"उघडताहेत."

परीक्षेच्या खोलीचं दार उघडलं. परीक्षकांचे दोन्ही हात ग्रीसनं काळे झाले होते.

"मिस्त्री, बेअरिंगचा भुगा झालाय. आमच्या लक्षातच आलं नव्हतं. पास आहात तुम्ही. जरा आत येता? दुसराही पंप ऐकून घ्या."

"येतो की."

"बाबा, थांबा! साहेब, आधी हात धुवा आणि कागदावर सही करा."