तहसीलदारसाहेबांची गोड विहीर

(नांदूरघाटजवळच्या एका गावाची चावडी. बिभीषणला साखळीने खांबाला बांधले आहे.)

हकीम : ...म्हणजे धुरी दिल्यावर हा ओरडला, म्हणून वेडा?

मुंजाजी : मिरच्याची धुरी, हकीमसाहेब. लई ओरडला.

हकीम : आणि आता गप्प बसलाय.

मुंजाजी : वेड आत मुरलं की माणूस असाच गप्प बसतो. डोकं भादरून लिंबं चोळली, बारा दिवस साखळीत ठिवला, उतार न्हाई. तुमी निजाम सरकारच्या कागदावर तेवढं लिहून द्या. पाटील म्हणून मी याला हैदराबादच्या पागलखान्यात धाडतो.

हकीम : पण यानं केलं काय?

मुंजाजी : तहसीलदारसाहेबांनी हुकूम काढून गावात विहीर खणवली. पाणी लागल्यावर सोता आले. आपल्या सुरईतलं पाणी पिले अन् इचारलं, विहिरीचं पाणी कसं हाय? समदा गाव म्हणला, गोड. हे एकटं म्हणलं, खारट.

बिभीषण : खारटच हाय ते.

मुंजाजी : बघा. अजून बरळतंय. दीडशे माणसांच्या जिभा खोट्या अन् याची एकट्याची खरी?

हकीम : बिभीषण, घरी कोण आहे?

बिभीषण : बायको अन् दोन लेकरं. बायको रोज भाकर घेऊन येती अन् म्हणती, एकदा गोड म्हणा अन् घरला चला. आधी राग यायचा मला. आता वाटतं, एवढी माणसं काहून खोटं बोलतील? लिहा साहेब, गोड हाय. काल मलाबी जरा गोडच लागलं.

मुंजाजी : आला. उतार आला.

हकीम : नाही पाटील. सकाळपासून मी याला बघतोय. वेडाचं लक्षण हे पहिलंच दिसलं.

मुंजाजी : ते कसं काय?

हकीम : नांदूरघाटच्या सरकारी दवाखान्यात मी दवा देतो. या महिन्यात तुमच्या गावचे एकोणचाळीस जण येऊन गेले. एकेकटे. आल्या आल्या म्हणायचे, दार लावून घ्या.

मुंजाजी : काय दुखत होतं?

हकीम : काहीच नाही. "सगळ्या गावाला पाणी गोड लागतं, मलाच खारट लागतं, माझी जीभ बिघडली." सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच.

मुंजाजी : कोन कोन आलतं?

हकीम : नावं मी सांगत नसतो. एक जण घोडीवर आला होता.

बिभीषण : गावात घोडी एकच हाय, पाटील.

मुंजाजी : गप बे. पण साहेब, तुमच्या पुडीनं गुण आलता. पुडी तोंडात टाकली की पाणी गोड लागायचं.

हकीम : खडीसाखर होती ती.

मुंजाजी : असं. मंग तवाच खरं काहून न्हाई सांगितलं?

हकीम : विहीर तहसीलदारसाहेबांची, आणि माझी नोकरी त्यांच्या हातात. मी तुमच्याहून शहाणा नाही, पाटील. मी फक्त एकोणचाळीस जणांचं ऐकलंय. तुम्ही एकमेकांना विचारलंच नाही.

मुंजाजी : आता काय करायचं?

हकीम : मला दोनच कागद लिहिता येतात. एक, हा वेडा आहे, पाठवून द्या. दुसरा, पाणी खारट आहे. एकट्यानं म्हटलं तर ते वेड ठरतं, दोघांनी म्हटलं तर तक्रार होते. बिभीषणचं नाव आहे, दुसरं पाहिजे.

मुंजाजी : तुमचंच घाला की.

हकीम : मी गावचा नाही. माझं तिसरं घालतो.

बिभीषण : माझं खोडा, साहेब. मी गोड म्हणलोय. मला घरला जायचंय.

मुंजाजी : थांब की बे जरा. मला इचार करू दे.

हकीम : करा.

मुंजाजी : तहसीलदारसाहेब माझी पाटीलकी काढतील.

हकीम : काढतीलही.

बिभीषण : गोड हाय, पाटील. लई गोड हाय.

मुंजाजी : असं नगं म्हणू रे. तुझ्या तोंडून ते ऐकवत न्हाई. इकडं सरक, कुलूप काढतो.

हकीम : आणि नाव?

मुंजाजी : लिहा. पर पाटील लिहू नका. नुसतं मुंजाजी लिहा.