स्टूल आपोआप खाली जातं

— दुरुस्तीवाला तूच ना? नाही, स्टूल इथे बाहेरच बघ. आत पेशंट आहे, मुलगी काम करतेय. उलटं करायचं तर इथेच कर. तक्रार माझी नाही, तिची. संध्याकाळी नीट असतं, सकाळी बसायला जावं तर खाली गेलेलं. आपोआप. मी तिचे शब्द सांगतोय. मी बाप तिचा. सकाळी दवाखाना मीच उघडतो, झाडतो, पुसतो, मग ती येते. दातांची डॉक्टर आहे. पाटी वाचलीस ना बाहेरची?

काही बिघडलेलं नाही? एवढ्यात कळलं तुला? नीट बघ. बसून बघ — बस, बस. बघ कसलं आहे ते. घोड्यावर बसल्यासारखं. आणि उंच एवढं की मांड्या उताराला लागतात. हे सगळं त्या बाईंचं खूळ. कुठल्या म्हणजे? पट्टीवाल्या. मी तेच म्हणतो त्यांना. डॉक्टरांना बसायला शिकवतात — धंदाच तो त्यांचा. बसायला! माझी पोर दुधाचे दात यायच्या आधी बसायला लागली, माझ्या मांडीवर. बाई आल्या, ती काम करत असताना बाजूने फोटो काढले, आणि तिलाच दाखवले — मान बघा कुठे गेलीय, कोपर बघा, खांदा कानाला लागलाय बघा. मग फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. खुर्ची इथवर, स्टूल इथे, पेशंटच्या डोक्यामागे. पेशंटला सपाट झोपवायचं आणि वर त्यालाच सांगायचं, मान वळवा. वरचे दात आरशात बघायचे, वाकायचं नाही. वाकायचंच नाही म्हणे!

माझं सलून होतं. उभा जन्म उभ्याने गेला. गिऱ्हाइकाला हलवायचं नाही, हा माझा नियम. तो टेकून बसलाय ना? मग आपण वाकायचं. कानामागे वस्तरा लावायचा तर मी गुडघ्यात मोडायचो, पण मान तिरकी करा असं कुणाला म्हटलं नाही. पोर शाळेतून यायची, बाकावर बसून बघायची. तिने तेच उचललं. पेशंटला जसा बसलाय तसा बसू द्यायची आणि आपण अशी — कमरेतून वळून, त्याच्या जबड्यात डोकं घालून. लोक म्हणायचे, बापाचं वळण आहे. ऐकायला बरं वाटायचं. का वाटू नये?

दुखायचं की. न दुखायला काय झालं? पण मी होतो ना. शेवटचा पेशंट गेला की यायची, पुढ्यात खाली बसायची. ‘अण्णा, मान बघा जरा.’ मानेच्या मुळाशी अंगठा, मग खांद्यातली गाठ — मला डोळे मिटून सापडायची. फार बोलायचो नाही आम्ही. जावई चेष्टा करायचा, डॉक्टरचे डॉक्टर म्हणायचा मला. करू दे. ती डोकं माझ्या गुडघ्याला टेकवायची, झोप लागायची कधीकधी. मी हलायचो नाही.

मग या बाई. थोड्या दिवसांत दुखणं गेलं. मी आपला हात चोळून बसलेलो, आणि ही पर्स उचलून उभी. ‘आज काही नाही दुखत अण्णा, तुम्हीही आराम करा.’ आराम! मी मागितला होता? आणि उठता बसता बाई असं म्हणतात, बाई तसं म्हणतात. जेवतानाही पाठ ताठ. भाताचा घास तोंडाकडे न्यायचा, तोंड घासाकडे न्यायचं नाही — ही बाईंची अक्कल, माझ्या घरात, माझ्या ताटासमोर.

काय बघतोस? दांडी? हो, ओढली की खाली जातं, मला माहीत आहे. वजन लागतं? म्हणजे कुणी वर बसल्याशिवाय — बरं, मग? झाडून दमतो माणूस, बसतो. बसल्यावर पाय टेकायला नकोत? खुर्ची सरकवतो, तिच्याखाली फडका मारायचा असतो. पट्ट्या निघाल्या पुसताना, निघणारच.

थोडंच खाली करायचो रे. चार बोटं. तिच्या लक्षात येणार नाही इतकं. जरासं दुखलं असतं, मानेपुरतं, पूर्वीसारखं. ते हातात उतरेल हे मला काय ठाऊक? परवा आरसा निसटला तिच्या हातून, पेशंटच्या छातीवर पडला. अंगठ्याला मुंग्या येतात, चिमटीत धरलेलं कळत नाही म्हणाली. संध्याकाळी आली, बसली पुढ्यात. ‘अण्णा, बघा जरा.’ आणि खोटं कशाला बोलू, मला इतकं बरं वाटलं — आणि दाबता दाबता ती म्हणाली, हात असाच राहिला तर दवाखाना बंद करावा लागेल. आणि तिथूनच, माझ्या पुढ्यातूनच, तिने फोन लावला. कुणाला असेल? बाईंना. माझे हात तिच्या मानेवर, आणि ही त्यांना विचारतेय, आता मी काय करू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पार तळाला नेलं ते. हो, नेलं. तू सांग ना तिला, स्टूल गेलंय, दुरुस्त होत नाही. घेऊन जा. जुनं आहे आमच्याकडे, पडलंय मागच्या खोलीत.

थांब. कुठे निघालास? आत पेशंट आहे म्हटलं ना. तिला सांगायला? तू नको. मी सांगतो. काय सांगायचं ते माझं मी बघेन. सांगेन, स्टूल चांगलं आहे. म्हणेन, ही दवाखान्याची किल्ली घे पोरी, उद्यापासून झाडायला दुसरं कुणी बघ. हवं तर बाईंनाच ठेव — नाही, तेवढं मी म्हणणार नाही.

तू आधी ते वर कर. आणखी. आणखी थोडं, तिला लागतं तेवढं. माझे पाय टेकत नाहीत, एवढं उंच. — हं. हत्यारं उचल आता. बघतोस काय तोंडाकडे? जा म्हटलं ना.