ओढ्याकाठची मोजदाद

दिनांक २६ सप्टेंबर २०१६, दुपारी १२.३०

नाव: शहादेव विठोबा मुळे. वय ५२ वर्षे. धंदा: वार्ताहर. राहणार केज, जि. बीड. शिक्षण: संस्कृत घेऊन बी.ए. शिक्षणाचा इथे काय संबंध, असे जमादार म्हणाले. पुढे संबंध येतो, म्हणून लिहून घ्यावे अशी मी विनंती केली.

ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की, मी आमच्या वृक्षलागवड सहकारी संस्थेचा सभासद आहे. संस्थेने दुष्काळात हिवरदऱ्याच्या डोंगरावर रोपे लावली. ती सर्व अहवालात जगली. प्रत्यक्षात जी जगली, ती सभासद सिंधुबाई किसन गायकवाड, वय ५८, यांनी जगवली. टँकरचे पाणी त्या घागरीने डोक्यावरून वर नेत.

काल रविवारी संस्थेची झाडे पाहायला पायी सहल होती. मी, सचिव उत्तरेश्वर, सिंधुबाई व इतर आठ सभासद रहमतुल्ला यांच्या जीपने सकाळी दहाला पायथ्याशी उतरलो. पाऊस चालू होता. वाटेवर घोटाभर चिखल होता. सहल पुढे ढकलावी असे कोणी म्हटले नाही. तीन वर्षे पाण्याची वाट पाहिलेल्या माणसांना पावसात घरी बसणे शोभत नाही.

दुपारी एक वाजता माथ्यावर सचिवांनी माणसे मोजली. दहा भरली. ते घाबरले. मी म्हणालो, "सचिवसाहेब, स्वतःला कोण मोजणार? निबंधक येणार का?" मग मी संस्कृत पाठशाळेतली गोष्ट सांगितली. दहा जण नदी पार करतात, जो तो नऊच मोजतो, सगळे दहाव्यासाठी रडतात; शेवटी वाटसरू सांगतो, दहावा तूच. सर्व हसले. सिंधुबाई म्हणाल्या, "म्हंजी फुकटच रडले की!"

उतरताना अडीचच्या सुमारास सिंधुबाई सागाच्या झाडीत थांबल्या. त्यांचे एक झाड वाऱ्याने आडवे झाले होते. पदराची किनार फाडून त्या ते काठीला बांधू लागल्या. मी सर्वांत मागे होतो. मी म्हणालो, "सिंधुताई, सगळं रान एकट्याच बांधणार का?" त्या मला गुरुजी म्हणत. म्हणाल्या, "तुमी व्हा म्होरं, गुरुजी. लेकरू आडवं पडलंय. आलेच मी." मी पुढे झालो.

तीन वाजता ओढा ओलांडला. पाणी गुडघ्याएवढे होते. सर्वांच्या डोक्यावर पोत्याच्या खोळी होत्या, चेहरे दिसत नव्हते. सचिवांनी पुन्हा मोजले. म्हणाले, "एक कमी हाय." मी म्हणालो, "अकरावे तुम्हीच!" सर्व हसले. मग सचिवही हसले. मोजताना त्यांनी पहिला हात स्वतःच्या छातीवर ठेवला होता. तो मी पाहिला होता. सिंधुबाई पाठोपाठ आल्याच असतील असे मी धरले. मागे वळून पाहिले नाही.

पावणेचारला जीपपाशी रहमतुल्ला यांनी विचारले, "सिंधुमावशी कुठायत? गठुडं तर हितंच हाय त्यांचं."

आम्ही पळत ओढ्यावर परतलो. पाणी छातीच्या वर गेले होते. पलीकडच्या काठावर एक खोळ पडलेली दिसली. अंधार पडेपर्यंत हाका मारल्या. आज सकाळी सात वाजता खालच्या बंधाऱ्यात त्या सापडल्या. ओळख मी पटवली. पाणी उतरल्यावर पंचांसोबत झाडीत गेलो. झाडाला दोन गाठी आहेत. ते उभे आहे.

गावात सचिवांना दोष देत आहेत. त्यांची मोजणी बरोबर होती. हे वाक्य वेगळ्या ओळीत लिहावे, असे मी सांगितले. जबाबात तशी पद्धत नसल्याने ते इथेच राहिले.

जमादारांनी हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात डोंगरावर गेलेले इसम दहा असे पडले होते. ते मी अकरा करून घेतले व खाडाखोडीवर सही केली. बाकी मी सांगितले तसेच उतरले आहे.

जबाब देणार
(सही) शहादेव विठोबा मुळे